गिरणीतला बंब

अग्निशमन दलात मी चौतीस वर्षं नोकरी केली आणि एकही आग विझवली नाही. हे सांगितलं की लोकांना वाटतं म्हातारा विनय दाखवतोय. विनय कसला? मी वर्कशॉपचा माणूस. आगीवर जाणारे वेगळे आणि त्यांच्या गाड्या परत आल्या की त्यांच्या पोटात हात घालणारे आम्ही वेगळे. फोटो त्यांचे निघायचे, ग्रीस आमच्या वाट्याला यायचं.

वडील देगलूरकडचे. तरुणपणीच सिकंदराबादला रेल्वेत फिटर म्हणून आले आणि इथलेच झाले. आमच्या घरात मराठी, गल्लीत तेलुगू, कामावर दखनी. त्यामुळे या लेखात मधेच एखादा ‘नक्को’ आला तर संपादकांनी तो तसाच ठेवावा. माझ्या मुलीने, शुभाने, हा मजकूर टाइप करून दिला आहे. ती मराठी बोलते झकास, पण वाचताना एकेक अक्षर खडे निवडल्यासारखं वेचते. तिच्यासाठीही काही गोष्टी सोप्या करून सांगाव्या लागल्या. त्या वाचकांच्याही उपयोगी पडतील.

बाहेरच्या माणसाला बंब म्हणजे लाल गाडी, घंटा आणि शिडी. आमच्या लेखी बंब म्हणजे पंप. गाडी त्याला आगीपर्यंत पोचवते, एवढंच तिचं काम. हा पंप हौदात नळी सोडली की आपोआप पाणी ओढत नाही. आधी नळीतली सगळी हवा बाहेर काढावी लागते. हवा गेली की पाणी वर चढतं. कुठे दाभणाच्या टोकाएवढी फट राहिली तर पंप हवाच पीत बसतो, इंजिन बोंबलतं आणि पुढच्या तोटीतून नुसती थुंकी येते. ही फट बहुतेक वेळा एकाच जागी असते. फिरणारा दांडा पंपाच्या पोटात शिरतो, तिथे. त्या जागी ग्राफाइट लावलेल्या सुती दोरीचे वेढे ठासून भरतात. आम्ही तिला डोरी म्हणायचो.

डोरी बदलायची म्हणजे जुनी पूर्ण उकरून काढायची आणि नवी एकेक वेढा ठोकत बसवायची. किचकट काम. एकदा वर्कशॉपात दोन गाड्या एकदम आल्या होत्या, वरून फोनावर फोन येत होते. मी एका गाडीचे आतले दोन वेढे जुनेच राहू दिले आणि वरून नवे घातले. बाहेरून कळत नाही. पंप लावून बघितला, पाणी आलं, गाडी पाठवून दिली.

तिसऱ्या दिवशी दुपारी एका लाकडाच्या वखारीला आग लागली आणि नेमकी तीच गाडी गेली. चालवायला आमच्या दलाचे ड्रायव्हर गौसभाई होते. त्यांनी हौदात नळी टाकली, हवा काढायला घेतली, पण पाणी चढेना. वर्कशॉपला निरोप आला. मी स्कूटरवर पोचलो तोवर दुसरी गाडी येऊन लागली होती, पण आग वखारीमागच्या आळीत शिरली होती. माणसं सगळी वाचली. एका शिंप्याचं घर गेलं. मशीन, शिवायला आलेले कपडे, सगळं. तो रडत नव्हता. हातात कात्री घेऊन उभा होता आणि मधूनमधून ती उघडमीट करत होता.

आमचे साहेब आले आणि पाणी का चढलं नाही म्हणून गौसभाईंना सर्वांसमोर विचारलं. तोवर गौसभाईंचा पंप खोलून झाला होता. त्यांची एक मूठ बंद होती.

“जाळी में कचरा फँसा था, साब,” ते म्हणाले. जाळी म्हणजे नळीच्या तोंडाची.

संध्याकाळी वर्कशॉपात येऊन त्यांनी माझ्या बाकावर काळ्या, कुजलेल्या डोरीचे दोन तुकडे ठेवले. “मिस्त्री, ये तुम्हारी है.” एवढंच म्हणाले. पुढच्या सगळ्या वर्षांत तो विषय त्यांनी पुन्हा काढला नाही. मी काढायला हवा होता. मीही काढला नाही.

गौसभाई माझ्यापेक्षा सहा वर्षांनी मोठे. सडपातळ, मेंदी लावलेली दाढी, आणि गाडीला कधीही ‘गाडी’ न म्हणता ‘इन्ने’, म्हणजे ‘हा’, म्हणायचे, घरातल्या माणसाबद्दल बोलावं तसं. निवृत्त झाल्यावरही शुक्रवारी नमाज आटोपून ते वर्कशॉपला चक्कर मारायचे. माझ्या नोकरीचं शेवटचं वर्ष चालू होतं तेव्हा एका शुक्रवारी ते आले ते उभ्यानेच बोलायला लागले.

“मिस्त्री, सिकंदराबाद के उधर वो बंद गिरणी है ना, उसमें बंब खड़ा है. खुल्लेवाला. विलायती. जिसपे मैं चलाना सीखा ना, वैसाच.”

उघडा बंब म्हणजे ज्याला छप्पर नसतं, दारं नसतात. ड्रायव्हर उघड्यावर बसतो आणि बाकीची माणसं दोन्ही बाजूंना फळीवर उभी राहून जातात. असे बंब आमच्या दलातही एके काळी होते. मी कामाला लागलो तेव्हा शेवटचे दोन होते. ते कंडम झाले. कंडम करणं म्हणजे एक छापील कागद असतो, त्यावर ‘दुरुस्तीपलीकडे’ असं लिहून वर्कशॉपने सही करायची. मग लिलाव, मग गॅसकटर. त्या दोन्ही कागदांवर माझी सही आहे. तेव्हा मला त्यात काही वाटलं नव्हतं. जागा मोकळी झाली, एवढंच वाटलं.

त्या रविवारी आम्ही गिरणीत गेलो. आवारात कमरेइतकं गवत. मागे एक लांबट शेड, तिच्या दाराशी चूल, चुलीजवळ सत्तरीची एक बाई. नाव मल्लम्मा. तिचा नवरा राजय्या गिरणीच्या स्वतःच्या बंबावर कामाला होता. कापूस म्हणजे ज्वालाग्राही माल, त्यामुळे मोठ्या गिरण्या पूर्वी आपापला बंब ठेवायच्या. गिरणी बंद पडली, माणसं पांगली, राजय्या मात्र राखणदार म्हणून तिथेच राहिला आणि मरेपर्यंत त्या बंबाला तेल घालत राहिला.

आत अंधारात तो उभा होता. टायर विरघळल्यासारखे जमिनीला चिकटलेले. नळ्या ठेवायच्या पेटीत कोंबड्या अंड्यांवर बसल्या होत्या. स्टिअरिंगला शेळीचं दावं बांधलेलं. मी वाकून पंपाखाली हात घातला. सगळा शाबूत. तळाची तोटी उघडी होती. म्हणजे राजय्याने आतलं पाणी काढून टाकून पंप कोरडा ठेवला होता. असं करणारा माणूस मला नोकरीत दोनदाच भेटला असेल.

पण घंटा नव्हती. पितळी तोट्या नव्हत्या, पितळी झाकणं नव्हती. मी म्हणालो, “चोरांनी नेलं. पितळ कोण सोडतंय?”

गौसभाईंनी शेळी सोडून बाहेर बांधली, ड्रायव्हरची जागा हाताने झाडली आणि चढून बसले. एक पाय क्लचवर, एक हात घंटेच्या रिकाम्या आकड्याकडे गेलेला. मल्लम्मा दारातून बघत होती. मग ती आत गेली आणि तांदळाच्या कोठीत खांद्यापर्यंत हात घालून एकेक वस्तू बाहेर काढायला लागली. दोन तोट्या. झाकणं. शेवटी जुन्या लुगड्यात बांधलेली घंटा.

“अदि मा आयनदि, अय्या,” ती म्हणाली. ही आमच्या माणसाची आहे. मग माझ्याकडे वळून दखनीत म्हणाली, “चोरां बहुत आए. मैं बोली, सब गया, कुछ नहीं है बोली.”

गिरणीच्या मालकांचा नातू शहरातच राहतो. त्याने शेड रिकामी होते आहे या आनंदात बंब घेऊन जा असं लिहून दिलं. मल्लम्माने मात्र अट घातली. “किधर रखते, मेरेकू बोलना. ले जाके दिखाना.” गौसभाईंनी छातीवर हात ठेवून शब्द दिला. मीही मान हलवली.

तेव्हाचे आमचे साहेब हौशी होते. त्यांनी वर्कशॉपचा एक कोपरा दिला. पुढची तीन वर्षं, त्यातली दोन मी निवृत्त झाल्यानंतरची, आम्ही दोघं त्या कोपऱ्यात होतो. इंजिनचे पिस्टन गंजून बसले होते. त्यांच्यावर तेल ओतायचं, आठवडाभर थांबायचं, लाकडाच्या ठोकळ्याने एक टोला मारायचा आणि पुन्हा तेल ओतायचं. घाई केली की पिस्टन फुटतो. रेडिएटर जुन्या शहरातल्या एका कारागिराने नव्याने विणून दिला. टायर कुठे मिळेनात, शेवटी जुन्या ट्रॅक्टरचे मापाला बसले. दोन पितळी भाग ओतून घ्यावे लागले. ओतणारा म्हातारा होता. काम देताना म्हणाला, पोरं हे शिकली नाहीत, तुमचं हे शेवटचं. आम्हाला तो भाव वाढवायला बोलतोय असं वाटलं. खरंच शेवटचं होतं.

सुट्या भागांसाठी असाच दुसरा एखादा बंब कुठे पडून असेल तर बघावा, म्हणून मी चिक्कडपल्लीच्या आमच्या मराठी मंडळात पाटीवर लिहून लावलं – ‘जुना बंब असल्यास कळवावे.’ सात फोन आले. सातही आंघोळीचं पाणी तापवायच्या तांब्याच्या बंबाचे. एक आजी म्हणाल्या, “आमच्याकडे आहे. सासूबाईंचा. पण द्यायचा नाही हं, आहे एवढंच कळवलं.” शुभाने तोच मजकूर इंग्रजी अक्षरांत फोनवरून पाठवला तर तिच्या मैत्रिणीने घाबरून विचारलं, तुझे पप्पा जुने बॉम्ब गोळा करतात का?

डोरी भरायची वेळ आली तेव्हा गौसभाई स्टूल घेऊन माझ्या शेजारी येऊन बसले. मी एकेक वेढा कापून, सांधा सांध्यावर येणार नाही असा फिरवून, ठोकून बसवत होतो. सगळे वेढे नवे. ते एकटक बघत होते. शेवटचा वेढा बसल्यावर मी नट आवळला आणि त्यांच्याकडे पाहिलं. त्यांनी खिशातून रुमाल काढून माझ्या हातात दिला. माझे हात काळे होते म्हणून दिला असेल.

पाणी काढायचा दिवस एका रविवारी सकाळी ठरवला. मल्लम्मा शेजारणीला घेऊन रिक्षाने आली. नवी साडी, केसांत फुलं नव्हती पण हातात होती. ती तिने बंबाच्या समोर ठेवली. इंजिन चौथ्या हिसक्याला लागलं. गौसभाईंनी हौदात नळी सोडून हवा काढायला सुरुवात केली. मी पंपावर हात ठेवून होतो. पाणी चढतं तेव्हा पंपाचा आवाज एकदम खाली उतरतो, जड होतो, आणि हाताला गार लागायला लागतं. गार लागलं. तोटीतून पाणी सुटलं ते आवारातल्या चिंचेच्या वरून पलीकडे गेलं. वर्कशॉपची पोरं ओरडत होती. मल्लम्माने पदराने तोंड पुसलं. “आयन उंटे…” म्हणाली. ते असते तर.

माझ्या उभ्या आयुष्यात केलेलं चांगलं काम मला विचाराल तर ते त्या सकाळचं. त्यापुढचं सांगायला जीभ रेटत नाही, पण लेख लिहायला घेतला तो त्यासाठीच.

हौशी साहेबांची बदली झाली. नवे साहेब वाईट नव्हते. त्यांना तो कोपरा नव्या शिडीच्या गाडीसाठी हवा होता आणि त्यांचं म्हणणं बरोबरच होतं; वर्कशॉप चालत्या गाड्यांसाठी असतं. संग्रहालय करायचं म्हणून एक फाइल फिरत होती. ती जिथे जायची तिथे सगळे कौतुक करायचे आणि पुढे पाठवायचे. दीड वर्ष मी तिच्यामागे फिरलो. एका कचेरीत एका कारकुनाने मला विचारलं, “अंकल, ये वस्तु है कि वाहन है?” वाहन असेल तर एक खातं, वस्तू असेल तर दुसरं. तोवर बंब वर्कशॉपच्या भिंतीबाहेर ताडपत्रीखाली गेला होता.

अशात शहराबाहेर रिसॉर्ट असलेले एक गृहस्थ भेटायला आले. गोड बोलणारे. जुन्या गाड्यांचं दालन करणार, पक्कं छप्पर, बंबाची माहिती लिहिलेली पाटी, वर्षातून एकदा पंप चालवून दाखवायचा कार्यक्रम, आणि आम्ही दोघं तिथले कायमचे पाहुणे. गौसभाईंना ते फारसे रुचले नाहीत. “मिस्त्री, उन्ने बंब को देखा नहीं. घंटी को देखा.” मी म्हटलं, “ताडपत्री फाटली आहे, गौसभाई. हा पावसाळा निघणार नाही.” शेवटी ते ‘हौ’, म्हणजे हो, म्हणाले. मी आग्रह धरला म्हणून म्हणाले.

पाटीचा, कार्यक्रमाचा निरोप काही आला नाही. फोन केला की पुढच्या महिन्यात, असं उत्तर. मल्लम्माचे फोन मला यायचे. “बंडी अच्छा है ना, अय्या? कब दिखाते?” बंडी म्हणजे तेलुगूत गाडी. मी म्हणायचो, अच्छा है, अम्मा. रंगकाम चालू आहे, झालं की नेतो. मला माहीत काहीच नव्हतं, पण असं म्हणायचो.

दोन वर्षांनी आम्हीच न कळवता गेलो. बसने, मग रिक्षाने. फाटकावर रखवालदाराने अडवलं, बुकिंग विचारलं. गौसभाईंनी आपलं दलाचं जुनं ओळखपत्र दाखवलं. त्याला वाटलं तपासणीला आलेत, त्याने सोडलं.

बंब हिरवळीवर उभा होता. उघड्यावर. पितळ, लाकूड, रबर, सगळ्यावरून एकच चकचकीत लाल रंग मारला होता, घंटेवरूनसुद्धा. शिडीवर दिव्यांच्या माळा. समोर एक नवरा-नवरी फोटो काढून घेत होते, नवरीच्या डोक्यावर प्लास्टिकचं हेल्मेट. गौसभाई मागच्या बाजूला गेले आणि कितीतरी वेळ आलेच नाहीत म्हणून मी गेलो. ते गुडघ्यावर बसले होते. पंप नव्हता. तो कापून काढला होता आणि त्या जागेत पत्र्याची पेटी बसवली होती. पेटीत बर्फ आणि शीतपेयांच्या बाटल्या.

मी तिथल्या मॅनेजरला विचारलं, पंप कुठे आहे? तरुण मुलगा, नम्र. “वो लोहे का बड़ा पीस? बहुत वज़न था, अंकल. लॉन दब रहा था. निकाल दिए.” कुठे दिला, ते त्याला ठाऊक नव्हतं. त्याने आम्हाला एकेक बाटली देऊ केली.

परत येऊन पाहतो तर गौसभाई ड्रायव्हरच्या जागेवर चढून बसले होते. दोन्ही हात स्टिअरिंगवर. फोटोवाला वैतागून बघत होता. रखवालदार धावत आला. “चाचा, उतरो, उतरो, नीचे उतरो. पेंट ख़राब होता.”

गौसभाई उतरले. उतरताना त्यांचा पाय फळीवरून निसटला, मी धरलं.

बसमध्ये अर्धी वाट ते खिडकीकडे तोंड करून बसले होते. मग म्हणाले, “मिस्त्री, अपन उसको वहींच छोड़ देना था. उस बाई के पास. मुर्ग़ियां बैठती थीं तो बैठती थीं.”

वखारीच्या आगीचं तेव्हाही बोलता आलं असतं. बस रिकामी होती. मी तोंड उघडलंही होतं, पण तेवढ्यात त्यांचा थांबा आला आणि ते उठले.

त्या हिवाळ्यात गौसभाई गेले. त्यांच्या घरच्यांनी मला मयतीला पुढे नेऊन उभं केलं, मिस्त्री आए, मिस्त्री आए, म्हणत. मल्लम्माचा फोन त्यानंतर दोनदा आला. पहिल्या वेळी मी उचलला आणि अच्छा है म्हणालो. दुसऱ्या वेळी उचलला नाही. पुन्हा आला नाही. तिच्या शेडच्या जागी आता काय आहे, ते बघायला मी गेलेलो नाही.

हे सगळं संपलं असं मी धरून चाललो होतो. पण या आषाढात एका मुलीचा फोन आला. जिल्ह्यातल्या एका लहान गावच्या नगरपालिकेत ती इंजिनिअर आहे, सिरीषा तिचं नाव. पालिकेची जुनी शेड पाडून तिथे वाचनालय बांधायचं होतं. शेडमध्ये एक विचित्र यंत्र निघालं, आणि शुभाने आमच्या बंबाबद्दल कधीतरी इंटरनेटवर लिहिलेल्या चार ओळी वाचून तिने माझा नंबर शोधला. “सर, फेंकने से पहले किसी जाननेवाले को दिखाना बोलके लगा,” ती म्हणाली. असं वाटणारं माणूस सरकारी कचेरीत किती दिवसांनी भेटलं होतं. गुडघे दुखत असतानाही मी गेलो.

कंत्राटदाराची माणसं बाहेर थांबली होती. माझं बघून होईपर्यंत सिरीषाने त्यांना थांबवून ठेवलं होतं. आत गेलो. तो हाताने चालवायचा बंब होता. लाकडी चाकं, मधे तांब्याची टाकी, दोन्ही बाजूंना लांब दांडे. चार माणसं इकडून, चार तिकडून आळीपाळीने दांडा दाबणार आणि पाणी पुढे जाणार, असा. इंजिन यायच्या आधीचा. असा बंब मी चौतीस वर्षांत एकदाही पाहिला नव्हता. वडीलधाऱ्या मिस्त्र्यांकडून नुसतं ऐकलं होतं. मी टाकीत हात घातला. आतल्या चामड्याच्या झडपा पापडासारख्या वाळल्या होत्या, पण जागेवर होत्या. सगळं जागेवर होतं.

“काम की चीज़ है क्या, सर?” सिरीषाने विचारलं. तिच्या चेहऱ्यावर परीक्षेच्या निकालाची वाट बघावी तसा भाव होता.

मला हो म्हणवेना. हो म्हटलं तर पुढचा प्रश्न काय, ते मला ठाऊक होतं. नाही म्हणवेना, कारण ते खोटं होतं. मी म्हणालो, “अम्मा, मैं कल सुबह फ़ोन करता.”

घरी येऊन मी वही घेऊन बसलो. पितळ ओतणारा गेला होता. रेडिएटर विणणाऱ्याच्या दुकानात आता मोबाइलची कव्हरं मिळतात. हौशी साहेबांचा नंबर लागत नव्हता. चामडं कापणारा एक ओळखीचा होता, त्याला दिसत नाही. जागा कुणाकडे आहे, त्यांची नावं मी लिहीत गेलो आणि प्रत्येक नावापुढे मला ती बर्फाची पेटी दिसायला लागली. माझे स्वतःचे हात बघितले. चहाचा कप मी आता दोन हातांनी धरतो. शुभा म्हणाली, “पप्पा, तुम्ही फक्त त्यांना सांगा की हे रेअर आहे. पुढचं ते बघतील.” कोण बघतील? मी वही मिटली.

सकाळी फोन लावला. सगळं खरं सांगितलं. म्हटलं, “अम्मा, असली चीज़ है. ऐसा मैं ज़िंदगी में नहीं देखा. लेकिन मेरे पास जगह नहीं है, आदमी नहीं है. मेरे से होता नहीं.”

ती म्हणाली, “तो हम क्या करना, सर?”

मी चौतीस वर्षं लोकांना काय करायचं ते सांगत आलो. कुठला नट ढिला करायचा, कुठली तोटी आधी उघडायची. “सर? हॅलो? हैं ना, सर?” ती विचारत होती.

शेवटी म्हणालो, “अभी इतनाच करो, अम्मा. शेड के ऊपर के पत्रे मत निकालने दो. चमडा भीगा तो सब गया.”

“पत्रे तो कल शामकोच निकाल दिए, सर,” ती म्हणाली. “आप देख लिए ना, तो कॉन्ट्रॅक्टर बोला, अब कायकू रुकना.”

इकडे आमच्या नल्लकुंट्यात पहाटेपासून पाऊस लागून राहिला होता. तिकडे आहे का, हे मी तिला विचारलं नाही.